गार पाण्याने पोटातलं तेल थिजत नाही

‘जेवणानंतर गार पाणी पिऊ नका. तेल थिजतं, पचन मंदावतं. मग आम्लाशी मिळून तो गाळ घट्ट अन्नाच्या आधी शोषला जातो, आतड्याला त्याचा लेप बसतो, त्याची चरबी होते आणि पुढे कॅन्सर. गरम पाणी प्या.’ हा संदेश कित्येक वर्षं घरोघरी फिरतो आहे.

तेल थिजतं? तुपाचं भांडं गार पाण्यात ओशट राहतं, म्हणून हे पटतं. पण पोट म्हणजे मोरी नव्हे. तिथे कायम 37 अंश सेल्सिअस तापमान असतं आणि पेलाभर गार पाणी काही मिनिटांत कोमट होतं. शेंगदाण्याचं तेल तर हिवाळ्यातही बाटलीत पातळच असतं.

पचन मंदावतं आणि तरी शोषण लवकर होतं, ही दोन विधानं एकमेकांनाच खोडतात. खरं तर स्निग्ध पदार्थच सावकाश पचतात.

लेपाचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. ओशट भांड्याला साबण जे करतो, ते लहान आतड्यात पित्त करतं: तेलाचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक विकर त्या थेंबांतले ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे तेलाचेच, रेणू तोडतं. एकेका रेणूतून दोन मेदाम्लं सुटतात, उरतं मोनोग्लिसराइड, म्हणजे एकच मेदाम्ल उरलेला तुकडा. पित्तातले क्षार हे तुकडे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींपर्यंत पोचवतात. मला थक्क करतं ते यापुढचं. इतक्या खटपटीने तोडलेलं पेशी आत पुन्हा जोडते! ट्रायग्लिसराइड परत तयार होतं, त्यावर प्रथिनांचं वेष्टण चढतं आणि कायलोमायक्रॉन नावाचे कण बनतात. ते रक्तकेशिकांत शिरू शकत नाहीत इतके मोठे असतात, म्हणून लसीका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांतून छातीतल्या मोठ्या नलिकेत आणि तिथून मानेच्या डाव्या तळाशी थेट शिरेत जातात. खाल्लेल्या स्निग्धांपैकी 95 टक्क्यांच्या आसपास भाग असा शोषला जातो. शिवाय आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. लेप बसणार कशावर?

‘त्याची चरबी होते’ म्हणायचं तर तेल मुळात स्निग्धच आहे. जादा खाल्लं तर साठेल, पाणी गार असो वा गरम. गार पाण्याने कॅन्सर होतो याला काहीही पुरावा नाही.

गरम पाणी आवडत असेल तर जरूर प्यावं. पण शौच वारंवार फिकट, तेलकट, उग्र वासाचं होत असेल, पाण्यावर तरंगत असेल, तर स्निग्ध पदार्थ शोषलेच जात नसावेत. पित्तमार्गात किंवा स्वादुपिंडात बिघाड असू शकतो. अशा माणसाने हा संदेश वाचून गरम पाण्यावर महिने काढू नयेत, लगेच डॉक्टरांना दाखवावं.