‘पोपट’ या शब्दाबद्दल

महोदय,

‘ट्रचमन’, म्हणजे दुभाषी, या इंग्रजीतून नाहीशा झालेल्या शब्दावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, शिवराज्याभिषेकाचं वर्ष मी चुकीचं लिहिलं. दोन, राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाच्या, हेन्री ऑक्सेंडनच्या वकिलातीतले दुभाषी नारायण शेणवी यांना मी ट्रचमन म्हटलं, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत त्यांच्यासाठी हा शब्द येत नाही. आणि तीन, तुमच्याच शब्दांत: ‘दुभाषी म्हणजे शेवटी पोपट. पोपटाच्या नावाचं एवढं कौतुक कशाला?’

वर्षाचं तुमचं बरोबर आहे. १६७४ हवं होतं, माझ्याकडून १६६४ पडलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता पोपटाकडे येतो. प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा याच वाक्याशी अडखळलो. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण एका अख्ख्या पेशाला पोपट म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं जर्मन दुभाषी होतो. प्रेसचा डाय, म्हणजे साचा, फुटला होता. जर्मन इंजिनिअर हातात फॉर्म आणि पेन्सिल घेऊन उभा, तारखेचा रकाना रिकामा. आमच्या फोरमननी कॉटन वेस्टनं हात पुसत, वर न बघता सांगितलं, “होऊन जाईल साहेब गुरुवारपर्यंत.” या ‘होऊन जाईल’चं काय करायचं, सांगा बरं? शब्दाला शब्द ठेवला असता तर त्या माणसानं गुरुवार लिहून टाकला असता. तुम्ही मराठी आहात. तो ‘होऊन जाईल’ म्हणजे शब्द दिला असं नव्हे, हे तुम्हालाही कळतं. मी फोरमनना हळूच विचारलं, “काका, नक्की?” ते म्हणाले, “बघू.” मग मी जर्मनमध्ये सांगितलं, की ते प्रयत्न करतील, पण तारीख आत्ता लिहू नका. डाय त्यानंतरच्या सोमवारी आला. पोपटानं काय केलं असतं?

उलटंही सांगतो. जर्मनमध्ये ‘इव्हेन्टुएल’ म्हणजे ‘कदाचित’. एका बैठकीत पाहुणा म्हणाला, सुटे भाग ‘इव्हेन्टुएल’ गुरुवारी निघतील. आमच्या मॅनेजरना त्यात इंग्रजीतला ‘इव्हेन्च्युअली’, म्हणजे ‘शेवटी’, ऐकू आला आणि गुरुवारी शेवटी निघणारच, असं त्यांनी धरून चालवलं. मी दुरुस्ती करायला गेलो तर सगळ्यांदेखत म्हणाले, “तू फक्त बोललेलं सांग.” भाग आले नाहीत, आणि खापर माझ्यावर फुटलं. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तोच आवाज ऐकू आला. राग आला, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

हे माझ्यापुरतंही नाही. ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाच्या दरबारातला मुख्य दुभाषी, म्हणजे थोरला ड्रॅगोमन, हा मोठा मुत्सद्दी असे. अलेक्झांडर माव्रोकोर्डाटो १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहात सुलतानातर्फे वाटाघाटींना बसला होता. आणि १८२१ मध्ये ग्रीकांनी उठाव केला, तेव्हा त्याच पदावर असलेल्या कॉन्स्टन्टाइन मोरुझिसचा शिरच्छेद झाला. पोपटाचं डोकं कोणी उडवत नाही, महोदय.

म्हणून मला या नावाचं कौतुक आहे. अरबी ‘तर्जुमान’ मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘तुर्केमान्नुस’ झाला, फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत ‘ट्रचमन’ म्हणून उतरला. ड्रॅगोमन त्याचाच भाऊ, दुसऱ्या वाटेनं आलेला. शेवटचा ‘मन’ ऐकून इंग्रजीतला माणूस आठवतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. मुळाशी अक्कादी या प्राचीन भाषेतल्या ‘तर्गुमान्नु’पर्यंत जाता येतं, म्हणजे इराकच्या मातीच्या पाट्यांपर्यंत. इंग्रजीनं ट्रचमन टाकून दिला. फ्रेंचमध्ये ‘अमक्याच्या मार्फत’ म्हणताना त्याचं भावंड अजून वापरतात. आणि आपण? आपल्या आजोबांनी कोर्टाच्या कागदाचा ‘तर्जुमा’, म्हणजे भाषांतर, करून घेतला असेल, तो याच घरातला शब्द. माझ्या आजीच्या तोंडीही होता. तिला ट्रचमन सांगितला असता तर ओळखीचा पाहुणा आल्यासारखं वाटलं असतं.

राहता राहिले नारायण शेणवी. कंपनीच्या कागदांत कोणता शब्द आहे, हा लेखनिकाचा प्रश्न झाला. मी त्यांच्या कामाबद्दल लिहीत होतो. ऑक्सेंडनच्या आधी रायगडाची वाट धरलेला, इंग्रजांचं म्हणणं मराठी दरबाराच्या कानी घालणारा तो माणूस ट्रचमनचंच काम करत होता. त्यावर अधिक वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुम्ही टोपणनावानं लिहिता, तुमचा पेशा मला माहीत नाही. जो काही असेल, त्याला मी पक्ष्याचं नाव देणार नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तेवढंच तुम्हीही पाळा.