मुकुट उमटला म्हणून चमचा पेशवाईतला ठरत नाही

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे. वाळूत सापडलेल्या चमच्यावर मुकुट आणि ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे असली, तो काळा पडलेला असला आणि त्याला चुंबक चिकटत नसले, तर ती पेशवाईतली अस्सल विलायती चांदी समजावी. शिक्क्यातल्या अक्षरावरून नेमके साल कळते आणि बिनशिक्क्याची वस्तू नकली असते, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे निकेल-सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा दर्शवतात, आणि ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो ते निकेल-सिल्व्हर तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण असून त्यात चांदी मुळीच नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या मुलाम्याचे पेटंट १८४० मध्ये घेतले. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. मुकुट हे १७७३ पासून शेफील्डच्या खऱ्या चांदीचे चिन्ह होते हे खरे, परंतु मुलाम्याचे काही कारखानदारही एकोणिसाव्या शतकात मुकुट उठवीत असत. म्हणून इंग्लंडमधल्या ९२५ कसाच्या चांदीवर एक पंजा उचलून चालणारा सिंह आहे का, हे आधी पाहावे. मुलाम्याचा चमचा पालथा धरला, तर जिथे तो टेबलावर टेकतो तिथे चांदी झिजून पिवळसर धातू उघडा पडलेला बहुधा दिसतो.

चुंबक तांब्यापितळेलाही चिकटत नाही. काळेपणा गंधकामुळे येतो आणि तो नव्या चांदीवरही लवकर चढतो. त्यापेक्षा वजन बोलके असते: ५२ ग्रॅमचा भरीव चमचा पाण्यात बुडवल्यावर सुमारे ५ घनसेंटिमीटर पाणी सरले तर चांदीची शक्यता, ६ सरले तर जर्मन सिल्व्हरची.

सालाच्या अक्षराची गोष्ट अधिक नाजूक आहे. लंडनमध्ये दर २० वर्षांनी अक्षरमाला पुन्हा ‘ए’पासून सुरू होई, त्यामुळे १७९६, १८१६, १८३६ आणि १८५६ या साऱ्या वर्षांचे अक्षर ‘ए’च आहे, फरक वळणाचा आणि भोवतालच्या चौकटीचा. सोबत राजाराणीचे मस्तक असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० या काळातली ठरते. हे बारकावे भिंगातूनच दिसतात, म्हणून सापडलेली वस्तू रांगोळीने घासणे हा मला सर्वांत मोठा अपराध वाटतो.

बिनशिक्क्याची ती नकली, हे विधान तर कोकणातल्या घरांवर अन्याय करणारे आहे. गावच्या सोनाराने घडवलेल्या निरांजनावर किंवा अत्तरदाणीवर सरकारी शिक्का उठवण्याची सक्ती आपल्याकडे नव्हतीच. अशा चांदीचा कस सराफाच्या कसोटीवर कळतो आणि काळाचा अंदाज घडणीवरून येतो. ठोके देऊन घातलेल्या नावाखाली शके १८१२ असेल, तर ७८ मिळवून १८९० साल निघते; मात्र ते नाव घातल्याचे साल असते, भांडे त्याआधीचेही असू शकते, म्हणून बैठकीची झीज आणि झाळलेले जोडही तपासावे लागतात.