खंडाचा मधला बिंदू कसा पळवावा

समजा, तुमचं गाव अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, तीन नंबरच्या हायवेवर आहे. साउथ डकोटाच्या हद्दीपासून निघालेला हा रस्ता शेतांमधून उत्तरेला जातो आणि कॅनडाच्या सीमेला टेकतो. गाड्या येतात तशा जातात, ब्रेकवर कुणाचा पाय पडत नाही. खचू नका. आपलं गाव उत्तर अमेरिकेच्या बरोब्बर मध्यावर आहे, असं जाहीर करून टाका.

याच रस्त्यावरच्या रग्बी नावाच्या गावाने तेच केलं. 1931 साली सरकारी सर्वेक्षणाने खंडाचा मध्य दाखवला होता बाल्टा गावाच्या पश्चिमेला 6 मैलांवर. पण तिथे कोण कडमडायला जाणार? रग्बीला दोन हायवे मिळतात, म्हणून 21 फुटी दगडी स्तंभ रग्बीत उभा राहिला. 1971 मध्ये तो रस्त्याच्या कामात आडवा आला, तेव्हा खंडाचा मध्य उचलून थोडा बाजूला ठेवला. खंडाने हूं की चूं केलं नाही.

मात्र कागदपत्रांत हयगय नको. ‘उत्तर अमेरिकेचा भौगोलिक मध्य’ या बिरुदावरचा रग्बीचा ट्रेडमार्क नूतनीकरणाविना बाद झाला आणि 2016 मध्ये रॉबिन्सन नावाच्या चिमुकल्या गावातल्या बारने तो स्वतःच्या नावावर करून घेतला. (बारमध्ये बसलं की जग आपल्याभोवती फिरतं, त्यामुळे दावा अगदीच निराधार म्हणता येत नाही.) 2017 मध्ये भूगोलाच्या एका प्राध्यापकाने नव्याने गणित मांडलं, तर मध्य निघाला सेंटर गावापाशी. गावाचं नावच सेंटर! ना खांब, ना खटपट. अशा आयतोबांचा आदर्श घेऊ नये.

मध्य नाहीच मिळाला तर कासव करा. टर्टल माउंटन्सच्या पायथ्याला डनसीथमध्ये दोन हजारांवर चाकांच्या रिमा जोडून एक उभं केलंय. भरधाव गाड्या त्याच्यापाशी थांबतात.

पुढे सीमेवर इंटरनॅशनल पीस गार्डन लागतं, 1932 पासूनचं. एकमेकांवर शस्त्र उचलणार नाही, अशी दोन्ही देशांची शपथ तिथे दगडात कोरलेली आहे. बाग दोन्ही नाक्यांच्या मधोमध असल्याने आत शिरताना कुणी काही विचारत नाही. खुशाल एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढा. बाहेर पडताना मात्र, आलात त्याच देशात परतायचं असलं तरी, नाक्यावर चौकशी ठरलेली. तेव्हा फुलं बघायला जाताना पासपोर्ट विसरू नका. आणि अधिकाऱ्याने ‘कुठल्या देशात गेला होतात?’ असं विचारलं, तर ‘कुठल्याच नाही, बागेत’ असलं तंतोतंत उत्तर देऊ नका. अशांचीच डिकी आधी उघडली जाते.