पिवळ्या कॅमेलियाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

'हिमालयातील पिवळा कॅमेलिया आपल्या काळ्या मातीत, भर उन्हात, वाळलेल्या बियांपासून वर्षभरात फुलतो,' असा संदेश बागप्रेमींच्या गटांत छायाचित्रासह फिरत आहे. त्यातील एकही विधान खरे नाही.

छायाचित्रातील मेणचट, चकचकीत पाकळ्यांचे फूल 'कॅमेलिया निटिडिसिमा' या जातीचे आहे. १९४८ साली शास्त्रीय नाव मिळालेली ही जाती दक्षिण चीनमधील ग्वांगशी आणि उत्तर व्हिएतनाम येथील असल्याची नोंद चीनच्या वनस्पतिकोशात आहे. तेथे हे झुडूप सदाहरित जंगलात मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते, त्यामुळे आपल्याकडील दुपारच्या उन्हात त्याची पाने करपतात. चहाच्या झुडपाचा हा जवळचा नातलग असल्याने त्याला पाण्याचा निचरा होणारी, आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या काळ्या मातीत मुळांना लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. कोकणातील जांभ्याची माती त्या मानाने बरी. मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने बुंध्याशी खुरपणी न करता पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

बियांबाबतचा दावा तर सरळ नुकसान करणारा आहे. कॅमेलियाचे बी सुकले की त्याची उगवणक्षमता जाते, म्हणून ताजेच बी दिवसभर भिजवून पेरावे लागते. त्यानंतरही फुलासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. शिवाय ही जाती चीनमध्ये संरक्षित आहे, त्यामुळे जंगलातून काढलेली रोपे वा बी विकत घेऊ नये.

कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये, आणि तो पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.