गोळ्या बंद करा, असं कुणीच म्हणत नाहीये, ताई

पलूसच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, 'एचआयव्ही असणाऱ्यांना हार्ट ॲटॅक आणि लकव्याचा धोका जास्त, असं सांगून तुम्ही माणसं घाबरवताय. ती आधीच एआरटी सोडायला निमित्त शोधतात. आता म्हणतील, गोळ्यांनीच हृदय जातं.'

एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुटलेले पेशंट घरोघरी जाऊन परत सेंटरला आणणाऱ्या बाईला ही धास्ती वाटणारच. मागच्या लेखात एक वाक्य ठळकपणे यायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझी. ते आता लिहितो: गोळ्या बंद केल्यानं हृदयाचा धोका वाढतो.

आणि हे नुसतं माझं मत नाही. 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. निम्म्यांना औषध अखंड चालू, उरलेल्यांचं सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचं प्रमाण, चांगलं असेल तोवर बंद. सुट्टी दिली की दुष्परिणाम टळतील, अशी आशा होती. झालं उलटंच. औषध थांबवलेल्यांत मृत्यूही जास्त, हृदयाचे आजारही जास्त. 2006 मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवला.

मग गोळ्या नीट घेणाऱ्याला धोका का उरतो? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, दबला तरी आतली धग पूर्ण विझत नाही. विषाणूनं सुरुवातीलाच आतड्याचं अस्तर पोखरलेलं असतं. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात, पांढऱ्या पेशी सतत चवताळलेल्या राहतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत शिरून बसतात. तिथंच चरबीचा थर धरतो. मेंदूच्या बारीक वाहिन्याही यातून सुटत नाहीत. त्यात तंबाखू, मिश्री आणि न तपासलेलं बीपी.

2023 मध्ये 'रिप्रीव्ह' नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. 12 देश, त्यात आपलाही. 40 ते 75 वयाचे 7,769 लोक, सगळे एआरटीवर, हृदयाचा धोका फार नसलेले. पिटाव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांपैकी एक, तिची रोज 4 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक, लकवा यांसारख्या घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. मधुमेह मात्र थोडा जास्त जणांना झाला. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून कुठलीही स्टॅटिन आणू नये. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्या सेकंड लाइनमध्ये रिटोनाव्हिर हे औषध असेल तर सिमव्हास्टॅटिन ही स्टॅटिन अजिबात चालत नाही.

आता मी हे का लिहितो ते सांगतो. जतकडचे एक ट्रकचालक माझ्याकडे समुपदेशनाला यायचे. वर्षानुवर्षं एक डोस चुकवला नाही. मी दर वेळी म्हणायचो, 'असंच चालू ठेवा, आता काळजी नाही.' बीपी बघितलं का, हे मी एकदाही विचारलं नाही. पहिल्यांदा मोजलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती. त्यानंतर आले तेव्हा डबी पोटाशी दाबून डाव्या हातानं झाकण फिरवत होते. झाकण नुसतंच गरगरत होतं. वहिनींनी हात पुढे केला, तर डबी सोडेनात.

त्यांनी गोळ्या सोडल्या नाहीत, ताई. कमी पडलो तो मी.

तुमच्याकडची माणसं तुमचं ऐकतात. गोळ्या मोजायला बसता तेव्हा बीपीही मोजा. माझ्याकडे एक जादा मशीन आहे, चालू आहे. येत्या महिन्यात सांगलीला आलात की घेऊन जा.