चौथ्या सीटवरचं शब्दकोडं

डोंबिवली फास्टमध्ये चौथी सीट म्हणजे अर्धं बूड बाकावर, अर्धं देवाच्या भरवशावर. अशा बैठकीत शब्दकोडं सोडवायचं तर पेन नको, शिसपेन्सिल हवी. खोडरबर शर्टाच्या खिशात. खाली पडला की गेला.

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विनने पहिलं शब्दकोडं छापलं, तेव्हा त्याला वेलांटीची धास्ती नव्हती. त्याच्या हिशेबाने ‘चर्चगेट’ला १० घरं लागतात, आपल्याकडे ४. च, र्च, गे, ट. रफार, मात्रा सगळी मंडळी एकाच खोलीत, मुंबईला शोभेल अशी. पण त्यामुळे उभा-आडवा शब्द जिथे भेटतो तिथे अख्खं बिऱ्हाड जुळावं लागतं. आडवा ‘कवी’, त्याच्या ‘वी’तून खाली ‘वीज’ उतरते, ‘विहीर’ नाही. शेवटचा इकार-उकार दीर्घ, हे १९६२च्या लेखननियमांनी सांगितलंय. पण कोडं रचणारा कधीकधी विहिरीत ढकलतोच. म्हणून वेलांटी शेवटी द्यावी, आधी नुसता ‘व’ लिहून ठेवावा.

‘कमळ’ (३ अक्षरं) दिसलं की हुरळून जाऊ नये. नीरज, जलज, अंबुज, सरोज, पंकज: पाण्यात, तळ्यात नाहीतर चिखलात जन्मलेले सगळे. खात्रीचा फक्त शेवटचा ‘ज’, तेवढाच भरावा. पाण्याला ‘द’ लावला की ढग (जलद, नीरद, अंबुद), ‘धी’ लावला की समुद्र. एवढ्या भांडवलावर घाटकोपरपर्यंत निम्मं कोडं उरकतं.

खरा छळ ‘सूर्य’ (२ अक्षरं). रवी, भानू, मित्र, अर्क; चौघेही बसतात. त्यातला अर्क संस्कृत. अत्तरवाल्याचा अर्क वेगळा, तो अरबी, आणि मुळात त्याचा अर्थ घाम. (पावणेनऊच्या डब्यात ही व्युत्पत्ती कुणालाही पटेल.) लिहायला दोघे सारखेच, त्यामुळे ‘सत्त्व’ असं शोधसूत्र आलं तरी हाच.

इतक्यात शेजारचे काका, स्वतःचा पेपर घडी करून काखेत, मान आपल्या पेपरात, ठणकावून सांगतात, “रवी! लिहा, लिहा.” आपण लिहितो. दादरला ते उतरतात. उभा शब्द भरताना कळतं की पहिलं अक्षर ‘अ’ आहे, आणि काकाही तेच होते. पक्के.