क्रियापद शेवटी आलं म्हणून पोरं मठ्ठ होत नाहीत

पुतण्याच्या ॲडमिशनची धावपळ चालू आहे आणि नेमका आत्ताच बोरिवलीच्या वहिनींना हा फॉरवर्ड आलाय. म्हणे मराठीत क्रियापदासारखा मुख्य शब्द शेवटी येतो, तोवर मेंदू ताटकळतो, म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांचा विचार मंद. इंग्रजीत मुख्य शब्द आधी, म्हणून विचार सरळ. शिवाय मराठीत शब्द कुठेही टाका, चालतं. म्हणजे शिस्त नाही.

आधी ते ताटकळणं. ‘आईने बाळाला वाटीतून…’ एवढ्यावर पुढे दूध किंवा पेज येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ‘ने’, ‘ला’ कशासाठी असतात? जपानीतही क्रियापद शेवटीच. कामिदे, अल्टमन आणि हेवूड या संशोधकांनी 2003 मध्ये छापलेल्या प्रयोगात जपानी लोकांना चित्र दाखवून वाक्यं ऐकवली आणि नजर कुठे वळते ते टिपलं. ‘वेट्रेसने ग्राहकाला’ इतकं कानावर पडलं की ‘हॅम्बर्गर’ हा शब्द यायच्या आत नजरा चित्रातल्या हॅम्बर्गरकडे वळू लागत. क्रियापद तर त्याच्याही पुढे! आणि ज्यांच्या तंत्रज्ञानाच्या बुलेट ट्रेनसाठी आपण बीकेसी खोदून ठेवलंय, ते मंद?

इंग्रजीत मुख्य शब्द आधी, हेही धड नाही. ‘स्कूल बस’ ही बसच ना? मग बस मागे कशी? कर्माआधी क्रियापद आणि नामाआधी ‘इन’, ‘ऑन’ येतात, तेवढं खरं. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर’ मागे. हिंदी, कन्नड, तुर्की यांचंही वळण आपल्यासारखंच.

मुळात मुख्य म्हणजे महत्त्वाचा, हाच घोळ आहे. ‘पंधरा डब्यांची लोकल आली’ यात प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला पंधरा डब्यांचं अप्रूप; पण क्रियापद ‘आली’, कारण ते लोकलशी जुळतं. ‘लोकलचे पंधरा डबे भरले’ म्हटलं की लगेच ‘भरले’. सगळ्या पदबंधाचं, म्हणजे अशा शब्दगटाचं, लिंग-वचन ज्याच्यावर ठरतं, ते त्याचं शीर्षपद, म्हणजेच मुख्य शब्द. तत्पुरुषात दुसरं पद प्रधान, हे शाळेत घोकलं होतं की!

शब्द कुठेही टाका, हे मात्र अर्धं खरं. ‘दादरच्या मावशीचा मुलगा काल आला’ यातला ‘काल’ सुरुवातीला न्या नाहीतर शेवटी, चालतं. पण ‘मावशीचा दादरच्या मुलगा’ असं एकदा त्या फॉरवर्डवाल्याने मोठ्याने म्हणून दाखवावं.